पंगतीतील जागा

आमच्या वडिलांच्या पुण्यतिथीची मिस्सा त्या वर्षी सोमवारी आली होती. माघातील थंडीची सकाळ. चर्चमध्ये जेमतेम वीस माणसे. आई पुढच्या बाकावर, मी तिच्या मागे. घरी मागील पडवीच्या दाराला मी बाहेरून कडी घालून आलो होतो. त्या पडवीत माझे थोरले बंधू होते. त्यांस आम्ही दादा म्हणतो.

त्या दिवशीचे शुभवर्तमान संत मार्काच्या पाचव्या अध्यायातील होते. थडग्यांमध्ये राहणारा तो मनुष्य, लोकांनी त्यास घातलेल्या साखळ्या, प्रभू येशूने त्यास दिलेले आरोग्य, हे सर्व आपणां सर्वांस ठाऊक आहे. आमचे फादर उपदेशाच्या आरंभी म्हणाले की, या अध्यायावरून प्रत्येक मनोरुग्णास भूतबाधा झाली असे समजणे ही मोठी चूक होय. असा मनुष्य दिसला तर त्यास प्रथम डॉक्टरांस दाखवावे, असेच ख्रिस्तसभा सांगते. मग त्यांनी अध्यायाच्या शेवटाकडे आमचे लक्ष वेधले. बरा झालेला तो मनुष्य प्रभूबरोबर होडीत बसून जाण्याची परवानगी मागतो. प्रभू ती देत नाही. तो त्यास त्याच्या घरी, त्याच्या माणसांत पाठवितो. "घरी पोचल्यावर त्याच्यासाठी दार कोणी उघडले असेल?" फादरांनी विचारले, आणि पुढे काही न बोलता ते वेदीकडे वळले.

वाचकहो, आयुष्यात मी पुष्कळ उपदेश ऐकले. परंतु एवढ्या थोड्या शब्दांनी मान खाली घालावयास लावणारा दुसरा ऐकला नाही. माझ्या हातून घातलेली ती कडी मला तेथे बसल्या बसल्या दिसू लागली.

दादाच्या आजाराची कथा थोडक्यात सांगतो. कारण तशाच कथा आपल्या अनेक घरांत दडपून ठेवलेल्या आहेत. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत दादा आमच्या घराचा आधार होता. भाताची लावणी असो की चर्चच्या फेस्ताचा मांडव असो, पहिला हात त्याचा असे. पुढे त्याची झोप गेली. शेजारी आपल्याविषयी कुजबुजतात, विहिरीच्या पाण्यात कोणी काही टाकले आहे, असे तो म्हणू लागला. कोणी नसताना त्याला बोलणे ऐकू येई व तो त्यास उत्तर देई. आम्ही खेडवळ माणसे. दृष्ट काढली, गंडे बांधले, नवस बोललो. त्यात चार वर्षे गेली. अखेरीस त्यास दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टर एवढेच म्हणाले, "पहिल्या वर्षी आणले असते तर बरे झाले असते."

औषधांचा गुण आला. तीन महिन्यांनी दादा शांत होऊन, आम्हां सर्वांस ओळखून, आईच्या हातची पेज मागत घरी आला. दवाखान्याने आपले काम केले होते. आता आमचे काम सुरू व्हावयाचे होते, आणि तेथेच आम्ही चुकलो.

आम्ही त्यास उपाशी ठेवले नाही, मारले नाही. एवढेच आमच्या बाजूने सांगता येईल. परंतु त्याचे ताट वेगळे झाले. मागील पडवीत त्याची खाट गेली. औषधांनी त्याचे हात किंचित कापत आणि चाल मंदावली होती. आम्ही त्यास आळस म्हणालो. त्याने काही करावयास घेतले की, "तू राहू दे, सांडशील," असे कोणी तरी म्हणे. पाव्हणे आले म्हणजे पडवीला कडी लागे. माझ्या थोरल्या मुलीला पहिले स्थळ आले, तेव्हा आम्ही दादाविषयी एक अक्षर काढले नाही. बोलणी चालू असताना तो आतून खोकला, आणि कोण आजारी आहे असे पाव्हण्यांनी विचारले. मी म्हणालो, "गडी आहे." दारापलीकडे दादाने ते ऐकले. ते स्थळ पुढे मोडलेच; कारण खरी गोष्ट दोन दिवसांत त्यांस बाहेरून कळली. आम्ही आजार लपविला याचाच त्यांस अधिक राग आला होता.

अशा अवस्थेत ती सोमवारची मिस्सा आली. संध्याकाळी मी फादरांकडे गेलो व सर्व सांगितले. ते बराच वेळ ऐकत राहिले. तरुणपणी ते बेल्जियम देशात लुव्हेन येथे शिकावयास होते. तेथून जवळच गेल नावाचे एक गाव आहे, त्याची हकीकत त्यांनी मला सांगितली. ती मी पुढे आणखी वाचून घेतली, आणि या लेखाचे मुख्य प्रयोजन तीच आहे.

गेल हे अँटवर्प प्रांतातील रेताड, सपाट मुलखातले शेतकऱ्यांचे गाव. सातव्या शतकात आयर्लंडची डिंफ्ना नावाची राजकन्या तेथे आश्रयास आली, अशी परंपरा आहे. राणीच्या मृत्यूने तिच्या पित्याचे चित्त भ्रमले आणि त्या भ्रमात त्याने स्वतःच्या मुलीशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. आपले पापनिवेदन ऐकणारे वृद्ध धर्मगुरू गेरेबर्नस यांच्यासह ती समुद्र ओलांडून पळाली. पित्याने तिला गेल येथे गाठले आणि दोघांचाही वध केला. ही कथा तेराव्या शतकात लिहिली गेली. तिच्यातील इतिहास किती व लोककथा किती हे विद्वानांनी पाहावे. परंतु वेड्या पित्याच्या हातून मेलेल्या या कन्येस लोकांनी मनोरुग्णांचीच कैवारीण मानले, यात ख्रिस्ती अंतःकरणाची खूण आहे. परंपरेने तिचा सण १५ मे रोजी पाळला जातो.

तिच्या समाधीपाशी दूरदूरचे लोक आपल्या आजारी माणसांस आणू लागले. १३४९ साली तेथे मोठे चर्च बांधावयास आरंभ झाला, आणि पुढे त्याच्या भिंतीला लागून रुग्णांसाठी खोली बांधली गेली. रुग्णाने तेथे नऊ दिवस राहून नोव्हेना करावयाची, अशी रीत होती. परंतु खोली लहान आणि येणारे पुष्कळ. ज्यांस जागा मिळेना, किंवा नऊ दिवसांनी ज्यांस गुण येईना, त्यांचे काय करावे? तेव्हा धर्मगुरूंनी आसपासच्या शेतकऱ्यांस विचारले, आणि शेतकऱ्यांनी त्यांस घरी नेले. नऊ दिवसांचे नऊ महिने झाले, काहींचे आयुष्य तेथेच गेले. अशी ही रीत मध्ययुगापासून आजपर्यंत अखंड चालत आली आहे.

गेलचे लोक या माणसांस रुग्ण म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेतील शब्दाचा अर्थ 'घरी जेवूनखाऊन राहणारा' एवढाच होतो. असा मनुष्य कुटुंबाबरोबर एकाच मेजावर जेवतो, शेतात, गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात जमेल ते काम करतो, मुलांस खेळवितो, रविवारी मिस्सेला येतो. त्याच्या आजाराचे नाव काय, हे घरच्यांस सांगावयाचे नाही अशीही तेथे जुनी चाल होती. त्याच्या सवयी काय आहेत, त्यास कशाची भीती वाटते, एवढे कळले म्हणजे पुरे. कोणी भिंतीतून सिंह येताना पाहत असेल, तर 'सिंह नाही' असा वाद घालण्यापेक्षा घरची बाई त्या सिंहांस हुसकावून लावण्याचे नाटक करते आणि तो निर्धास्त झोपतो, अशी एक गोष्ट त्या गावाविषयी सांगितली जाते. घरधनी वृद्ध होऊन मेला म्हणजे त्याचा मुलगा किंवा मुलगी शेताबरोबर या पाहुण्याचीही जबाबदारी घेते. एकाच घरात पन्नास वर्षे राहिलेली माणसे तेथे झाली आहेत.

हा स्वर्ग होता असे मात्र कोणी समजू नये. जुन्या काळी तेथेही पळून जाणाऱ्याच्या पायांत बेड्या घालीत. शेतकऱ्यांस कामाला हात हवे होते व पाहुण्याच्या खर्चाचे पैसेही मिळत. केवळ धर्मभावनेने सर्व चालले असे नाही. परंतु गावाने आपल्या चुका सुधारल्या. १८५० साली बेल्जियमने कायदा केला आणि ही व्यवस्था सरकारने आपल्या देखरेखीखाली घेतली. १८६२ साली गावात लहानसे रुग्णालय उभे राहिले, म्हणजे कोणाचा आजार उफाळला तर त्यास तेथे ठेवावयाचे आणि उतार पडताच पुन्हा त्याच घरी पाठवावयाचे. १९३८ साली अशा पाहुण्यांची संख्या ३,७३६ होती. आता शेती कमी झाली, घरच्या स्त्रिया बाहेर कामास जातात आणि उपचाराच्या इतर सोयीही झाल्या आहेत. त्यामुळे अलीकडे ही संख्या अडीचशेच्याही खाली आली आहे. तरी ती परंपरा तुटलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने तिची जगापुढे ठेवण्याजोगा आदर्श म्हणून नोंद घेतली.

फादर म्हणाले, "लक्षात ठेवा, तेथे घराच्या पाठीशी दवाखाना आहे आणि दवाखान्याच्या पुढे घर आहे. एकाने दुसऱ्याचे काम करता येत नाही."

हे सूत्र केवळ परदेशचे आहे असेही नाही. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांस आवारात तंबू ठोकून राहावयास बोलाविले. आजार काय आहे हे त्यांस समजावून सांगितले आणि शुश्रूषा त्यांच्याच हातून करविली. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेण्यास आरंभ केला. ज्या घरांत रुग्णास उठताबसता बोलणी खावी लागत, किंवा ज्या घरांत त्याची अतोनात काळजी करून त्यास हात हलवू देत नसत, तेथे आजार अधिक वेळा उलटे, असे त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे दिसून आले. हे वाचले तेव्हा 'तू राहू दे, सांडशील' हे आमच्या घरातील वाक्य मला आठवले.

त्या रात्री मी पडवीची कडी काढली. आणि कडी असली की ती लावण्याचा मोह होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सुताराकडून ती उखडूनच टाकली. माझ्या पत्नीने रात्रीच्या जेवणास पाचऐवजी सहा ताटे मांडली. "भाऊजी, या. जेवण निवतंय," एवढेच ती म्हणाली. दादा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. पुष्कळ वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मी गडी ना?"

माझ्या घशात घास अडकला. उत्तर आईने दिले. ती म्हणाली, "बाळा, ये. तुझा भाऊ चुकला." दादा आला व बसला. त्याच्या हातून थोडी आमटी सांडली. कोणीही काही म्हणाले नाही.

ताट मिळाले, आता काम हवे होते. आमच्याकडे दोन म्हशी आहेत. सकाळी दूध डेअरीवर घालावयाचे काम मी दादावर सोपविले. पहिले काही दिवस मी मागून चाललो. हाताच्या कंपामुळे किटलीतून दूध सांडे, म्हणून तिला घट्ट झाकण बसवून घेतले. डेअरीवरच्या माणसाने पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिले, दादाकडे पाहिले, आणि विचारले, "कार्ड कुणाच्या नावानं करू?" मी दादाचे नाव सांगितले. ४७ क्रमांकाचे ते कार्ड दादाने खिशात घातले ते रात्री उशाशी घेऊनच झोपला. कित्येक वर्षांनी त्याचे नाव दवाखान्याच्या कागदाखेरीज दुसऱ्या कागदावर लिहिले गेले होते.

येथेच ही गोष्ट संपविता आली असती तर गोड झाली असती. परंतु पुढील वर्षी उपवासकाळात दादाने गोळ्या बंद केल्या. आता आपण बरे आहो, असे त्यास वाटले. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही तसेच वाटत होते, म्हणून आम्ही लक्ष ठेवले नाही. दीड महिन्यात जुना आजार उलटला. एके सकाळी त्याने डेअरीसमोर किटली रस्त्यावर ओतली आणि दुधात विष आहे असे तो ओरडू लागला. लोक जमले, मुले पळाली. त्यास पुन्हा दवाखान्यात न्यावे लागले. गावात कोणी म्हणाले, "अशा माणसाला मोकळे सोडू नये." त्यांचा मला राग आला नाही, कडी घालणारा मीही होतो.

सहा आठवड्यांनी दादा परतला. आता गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा इंजेक्शन घ्यावयाचे ठरले होते. घरी आल्यापासून तो डेअरीच्या रस्त्याला जाईना. ती वाट टाळून शेताकडे जाई. मग एका संध्याकाळी डेअरीवरचा तो मनुष्य स्वतः आमच्या अंगणात आला. त्याच्या हातात वही होती. ती उघडून तो दादास म्हणाला, "हे बघ दादा, सत्तेचाळीस नंबर रिकामाच ठेवलाय. नवीन माणूस आला, त्याला अठ्ठेचाळीस दिला. उद्यापासून दूध घेऊन ये." आणि चहा न घेताच निघून गेला.

हा गृहस्थ आपल्या धर्माचा नव्हे, त्याने कधी संत डिंफ्नेचे नाव ऐकलेले नाही. परंतु गेलच्या लोकांनी शेकडो वर्षे जे केले तेच त्याने एका वहीच्या पानावर केले. आजारी मनुष्य पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. त्याच्या गैरहजेरीत त्याची जागा आपण कोणास देऊन टाकतो की राखून ठेवतो, यावरच त्याचे परत येणे अवलंबून असते. औषधाचे काम डॉक्टर करतील. जागा राखण्याचे काम घराचे आणि गावाचे आहे.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या देशात २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत झाला व २९ मे २०१८ पासून तो अंमलात आला. मनोरुग्णास समाजात राहण्याचा हक्क आहे, केवळ घरचे नेत नाहीत म्हणून त्यास रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे तो सांगतो. रुग्णास साखळीने बांधणे त्या कायद्याने निषिद्ध आहे. ज्यांस दूरच्या शहरी जाणे जमत नाही त्यांनी प्रथम आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने १४४१६ या क्रमांकावर फोनवरून विनामूल्य सल्ला देण्याची सोय केली आहे. झोप जाणे, विनाकारण संशय, एकट्याने बोलणे, अंघोळ-जेवण सोडून कोपऱ्यात बसणे, अशी लक्षणे घरातील तरुण मुलामुलीत दिसली तर आमच्यासारखी चार वर्षे गंड्यादोऱ्यांत घालवू नका. प्रार्थना जरूर करा. परंतु प्रार्थना करीत करीत डॉक्टरांकडे जा. आणि गुण आला तरी त्यांस विचारल्यावाचून औषध बंद करू नका.

दादा पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. अजूनही संध्याकाळी तो कधी कधी स्वतःशी पुटपुटतो. फेस्ताच्या दिवशी गर्दी व फटाके त्यास सोसत नाहीत. म्हणून तो पहाटेच्या मिस्सेला जाऊन येतो. परंतु महिन्याचा दुधाचा हिशेब तो चोख ठेवतो आणि माझ्या धाकट्या मुलाच्या वहीखर्चाचे पैसे त्यातूनच देतो.

गेल्या वर्षी मुलीला दुसरे स्थळ आले. या वेळी पाव्हण्यांच्या पंगतीत दादा बसला होता. जेवणापूर्वी मी उभा राहून सांगितले, "हे माझे थोरले बंधू. यांस मनाचा आजार आहे, औषध चालू आहे." क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुलाचे वडील दादाकडे वळून म्हणाले, "म्हशी किती दूध देतात?" दादाने सकाळचे व संध्याकाळचे माप अचूक सांगितले, फॅटसुद्धा. नाताळानंतर लग्न झाले.

आईचे आता वय झाले आहे. पूर्वी रोज रात्री जपमाळ संपली की ती एकच प्रश्न विचारीत असे, "माझ्या मागे याला कोण?" हा प्रश्न अशा प्रत्येक आईच्या ओठांवर असतो. मी आहे, असे मी तिला सांगत असे. पण माझ्या मागे कोण, हे मलाही ठाऊक नव्हते. परवा तिने पुन्हा तोच प्रश्न केला, तेव्हा माझा धाकटा मुलगा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "आजी, काकांचं कार्ड मी बघीन."

आई काही बोलली नाही. तिने जपमाळ डबीत ठेवली व दिवा मालवला.

संत डिंफ्ना, आम्हांसाठी विनंती कर; आणि आमच्या घराघरांतील कड्या आमच्याच हातांनी काढव.